दोरावरची पावले आणि शाळेचा उंबरठा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्या विद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात लोककलांचा कार्यक्रम ठरला. वासुदेव, गोंधळ, पोवाडा अशी यादी तयार झाली. त्या वर्षी वसतिगृहात डोंबारी समाजातील एक मुलगा सातवीत शिकत होता. त्याचे आईवडील गावोगाव दोरावरचा खेळ करीत. आम्ही शिक्षकांनी मोठ्या उत्साहाने त्याला सुचविले, ‘तू दोरावर चालून दाखव.’ मुलगा काही बोलला नाही. त्या मौनालाच आम्ही होकार समजलो.

कार्यक्रमाच्या दिवशी पटांगणात बांबूंच्या दोन कैच्या उभ्या राहिल्या, दोर ताणला गेला, ढोल वाजू लागला. मुलाने हातात आडवी काठी घेतली आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज चालत गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांपैकी कोणी तरी कौतुकाने नाणी फेकली, मागोमाग आणखी काहींनी फेकली. मुलगा खाली उतरला, नाण्यांकडे पाहत क्षणभर उभा राहिला आणि ती न उचलता वसतिगृहाकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर तो आमच्याजवळ आला आणि त्याने विचारले, ‘सर, ते पैसे मी उचलायचे होते का?’

आम्ही इतिहास विषयात एम.ए. केले आहे आणि आयुष्यातील बरीच वर्षे वर्गात इतिहास शिकविण्यात घालविली आहेत. परंतु त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आज विद्यालयाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न करीत आहोत. त्यासाठी सर्कशीच्या आणि रस्त्यावरच्या खेळांच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक आहे. हा इतिहास करमणुकीचा म्हणून आपण बाजूला ठेवतो. वस्तुतः तो श्रमाचा आणि जातीचा इतिहास आहे.

आधुनिक सर्कशीचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला असे मानतात. फिलिप अ‍ॅस्टली हा घोडदळातून निवृत्त झालेला सैनिक. त्याने १७६८ साली लंडनमध्ये घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. घोडा गोलाकार धावत असला म्हणजे त्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराला तोल सांभाळणे सोपे जाते, हे त्याला अनुभवाने कळले होते. पुढे बेचाळीस फूट व्यासाचे रिंगण ठरून गेले आणि जगभरच्या सर्कशींनी ते स्वीकारले. घोड्यांच्या खेळांमध्ये प्रेक्षकांना कंटाळा येऊ नये म्हणून अ‍ॅस्टलीने दोरावर चालणारे, कोलांट्या मारणारे आणि विदूषक आणले. हे लोक त्याने घडविलेले नव्हते. युरोपातील जत्रांमध्ये पिढ्यानुपिढ्या खेळ करणारे ते भटके कलावंत होते. अ‍ॅस्टलीने रस्त्यावरची विद्या छपराखाली आणली आणि दाराशी तिकीट लावले. सर्कस म्हणून जे नवे घडले ते एवढेच. विद्या जुनीच होती.

भारतातही असेच घडले. विष्णुपंत छत्रे हे सांगलीकडचे. घोडे फिरविण्याची विद्या त्यांनी ग्वाल्हेरला जाऊन संपादन केली आणि कुरुंदवाड संस्थानात त्यांनी नोकरी केली. चिआरिनी या इटालियन सर्कसवाल्याचा खेळ मुंबईत पाहिल्यानंतर आपल्या लोकांनाही असा खेळ उभारता येईल, या जिद्दीने त्यांनी १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ सुरू केली, असा इतिहास सांगितला जातो. पुढे देवल, कार्लेकर, परशुराम माळी यांच्या सर्कशी निघाल्या आणि सांगली-मिरज-तासगावचा परिसर सर्कशींचे माहेरघर बनला. पुण्याचे दामू धोत्रे वाघ-सिंहांचे शिक्षक म्हणून अमेरिकेतील ‘रिंगलिंग ब्रदर्स’च्या तंबूपर्यंत पोहोचले. परकीय सत्तेच्या काळात हिंदी माणसाने साहेबाच्या तोडीचा खेळ करून दाखविला, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. विष्णुपंतांचे कर्तृत्व आम्ही नाकारीत नाही.

१८८८ साली छत्र्यांची सर्कस मलबारातील तेल्लीचेरी येथे गेली. तेथे कीलेरी कुन्हिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक बासेल मिशनच्या शाळेत मुलांना कसरती शिकवीत असत. विष्णुपंतांची आणि त्यांची भेट झाली. सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचे काम कुन्हिकण्णन यांनी अंगावर घेतले आणि १९०१ साली तेल्लीचेरीजवळ चिरक्करा येथे सर्कस शिकविणारी शाळा काढली. त्या शाळेच्या परंपरेतून निघालेल्या माणसांनी पुढे देशभरच्या सर्कशी चालविल्या. कुन्हिकण्णन थिय्या समाजाचे होते. केरळच्या त्या काळच्या व्यवस्थेत हा समाज विटाळाचा मानला जाई; उच्चवर्णीयांपासून ठरावीक अंतरावर उभे राहण्याची सक्ती त्याच्यावर होती. ज्या समाजाने दूर उभे राहावे असे शास्त्र सांगत होते, त्याच समाजातील मुले रिंगणाच्या मध्यभागी आली आणि सारे गाव तिकीट काढून त्यांना पाहू लागले. हे शक्य झाले ते एका शिक्षकामुळे आणि शाळेमुळे. वंशपरंपरेने मिळणारी विद्या त्यांनी शिकविण्याची विद्या केली. आपल्या विद्यालयासारख्या संस्थेला कुन्हिकण्णन यांचे उदाहरण फार जवळचे वाटावे.

आता या इतिहासाची दुसरी बाजू पाहू. सर्कशीचा तंबू उभा राहण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून महाराष्ट्राच्या वाटांवर डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ, गारुडी, दरवेशी, बहुरूपी, नंदीवाले फिरत होते. दोर, बांबू, कडी, ढोल आणि स्वतःचे शरीर एवढ्याच भांडवलावर त्यांचा संसार चाले. सर्कशीत जे जे कौतुकाने पाहिले गेले त्यातील पुष्कळसे गावाच्या पारासमोर आधीच होत होते. परंतु सर्कशीतील कसरतपटू ‘कलाकार’ ठरला आणि पारासमोरचा डोंबारी ‘मागता’ ठरला. एकाला पदके मिळाली, दुसऱ्याला शिळी भाकरी मिळाली. कौशल्य तेच होते, मग फरक कशाचा पडला? तंबूचा पडला, तिकिटाचा पडला आणि मुख्यतः जातीचा पडला.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. भटकणारा माणूस म्हणजे संशयित माणूस, हे त्या कायद्याचे गृहीत होते. कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून हजेरी लावण्याची सक्ती केली गेली. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये कोंडले गेले. देश स्वतंत्र झाल्यानंतरही पाच वर्षे हे कुंपण तसेच होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊ लागल्या.

कायदा गेला, परंतु दृष्टी गेली नाही. १९५९ सालचा मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम पाहा. सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखविणे यांच्या मिषाने पैसे घेतले तरी ती भीकच, अशी व्याख्या या अधिनियमाने केली. म्हणजे ज्या कर्तबगारीसाठी नाट्यगृहात मानधन मिळते, तीच रस्त्यावर केली तर अटक होऊ शकते. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या या अधिनियमातील भीक मागण्याला गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या, ही समाधानाची गोष्ट होय. पण प्रश्न केवळ कलमाचा नाही. आपल्या मनातील कलम कोण रद्द करणार?

मल्लखांबाचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या नावारूपास आणली. आखाड्यांतून, व्यायामशाळांतून ती वाढली, तिचे नियम ठरले, स्पर्धा सुरू झाल्या. आज मल्लखांबाच्या स्पर्धेतील प्राविण्याचे प्रमाणपत्र मुलाच्या हाती पडते आणि महाराष्ट्रात शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणाकडे तो आशेने पाहू शकतो. हे योग्यच आहे. परंतु बांबूच्या टोकावर पोट टेकवून गरगर फिरणाऱ्या डोंबाऱ्याच्या मुलीच्या हाती कोणते प्रमाणपत्र पडते? खांब दोघांनाही आहे, तोल दोघांनाही सांभाळावा लागतो, पडले तर हाड दोघांचेही मोडते. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये दाखवून दिले की, जात ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. या विधानाचा याहून स्वच्छ दाखला शोधायला नको. येथे श्रम एकच आहे आणि श्रमिक मात्र दोन कप्प्यांत आहेत.

तमाशाची कहाणीही वेगळी नाही. महार, मांग, कोल्हाटी समाजांनी हा कलाप्रकार रक्त आटवून जगविला. पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण, कुलकर्णी घराण्यातील. त्यांनी जात सोडून तमाशाचा फड जवळ केला याची कथा मोठ्या आदराने सांगितली जाते. त्यांच्या फडातील पवळा हिवरगावकर या महार समाजातील स्त्रीचे नाव घेताना मात्र आवाज बदलतो. बापूरावांना त्यागाची प्रतिष्ठा मिळाली, पवळेला बदनामीची धनी व्हावे लागले. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाले, तरी अखेरचा काळ त्यांना विवंचनेत काढावा लागला. डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनाने तर टाळ्यांच्या मागे आईच्या आयुष्याची कशी राख होते हे महाराष्ट्राला दाखविले.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांची भूमिका समजून घ्यावी लागते. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न चळवळीच्या निधीसाठी देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते स्वीकारले नाही. आपल्याच समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांच्या मुक्तीच्या लढ्याला नको, ही त्यामागील भूमिका होती. काही अभ्यासकांना हा निर्णय कठोर वाटतो; कलावंत स्त्रियांच्या श्रमाचाही तो नकार नव्हता काय, असा प्रश्न ते विचारतात. तो प्रश्न विचारण्यासारखा आहे आणि आम्ही तो टाळू इच्छित नाही. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके इतरांच्या करमणुकीसाठी वाकविले गेले, त्याच्या नेत्याने प्रथम ताठ उभे राहण्याचा आग्रह धरला, हे विसरून चालणार नाही.

आणि चळवळीने कलेकडे पाठ फिरविली असेही झाले नाही. महात्मा फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, १८६९ साली शिवाजी महाराजांवरील पवाडा प्रसिद्ध केला. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा घाट घेऊन त्यात भटशाहीवरची टीका भरली. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तीच ढोलकी, तेच तुणतुणे, तोच सवाल-जबाब. पण आता त्यातून शिक्षण, स्वाभिमान आणि संघटना यांची शिकवण मिळू लागली. वामनदादा कर्डकांनी तर आयुष्यभर पायपीट करून गाण्यातून भीमविचार पेरला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगार वस्त्यांत हेच केले. जलशाचा कलावंत लोकांसमोर उभा राहिला तो मागता म्हणून नव्हे, सांगता म्हणून. कला तीच राहिली. तिचा मालक बदलला.

या इतिहासातून आम्हाला एकच कसोटी सापडते. कलावंत आपल्या इच्छेने उभा आहे काय? त्याला ‘नाही’ म्हणता येते काय? त्याच्या श्रमाचा मोबदला ठरलेला आहे काय? त्याच्या मुलासमोर दुसरी वाट खुली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील तर ती कला आहे. ती ‘नाही’ असतील तर त्याला संस्कृती म्हणा, परंपरा म्हणा, वारसा म्हणा. ती वेठबिगारीच आहे.

या कसोटीवर त्या संमेलनातील आमचे वागणे घासून पाहिले तर आम्ही नापास होतो. आम्ही त्या मुलाला विचारले ते त्याच्या आवडीमुळे नव्हे, त्याच्या जातीमुळे. वर्गात तो गणितात हुशार होता. त्याला गणिताचे प्रात्यक्षिक दाखवायला आम्ही सांगितले नाही. ज्या कामापासून दूर नेण्यासाठी त्याच्या आईवडिलांनी काळजावर दगड ठेवून त्याला वसतिगृहात घातले, तेच काम आम्ही त्याच्याकडून व्यासपीठासमोर करवून घेतले आणि वर त्याला लोककलेचे संवर्धन असे नाव दिले.

आज हा विषय मांडण्यामागे एक तातडीचे कारण आहे. १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास बंदी घालण्याचे आणि तेथील मुलांची सुटका व पुनर्वसन करण्याचे निर्देश दिले. त्यापूर्वीच, १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या खेळांवर बंदी आली होती आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मुके प्राणी आणि लहान मुले यांची सुटका झाली, हे करुणेला धरूनच झाले. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु दरवेशाचे अस्वल सोडविताना दरवेशाच्या चुलीचे काय, हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही. रिंगणातून बाहेर काढलेले मूल कोणत्या वर्गात बसणार, हाही प्रश्न तसाच राहिला.

२०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. परंतु दूरचित्रवाणी, चित्रपट, जाहिराती यांतील बालकलाकारांना अटींसह सूट मिळाली. सर्कशीला मात्र ती नाकारली गेली. कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या कामात शाळेची वेळ सोडून मदत करणाऱ्या मुलांनाही सूट आहे. म्हणजे दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धेत रात्रीपर्यंत नाचणारे मूल ‘प्रतिभावंत’ ठरते. चौकातल्या दोरावर चालणारे मूल ‘घरच्या कामाला हातभार’ या आडोशाखाली दिसेनासे होते. दोर धोकादायक नाही असे कोण म्हणेल? पण तो पाहणारे डोळेच तेथे नाहीत. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्यावरही प्रवेश द्यावा लागतो, वयानुरूप वर्गात बसवावे लागते, हे सारे त्या कायद्यात लिहिले आहे. परंतु ज्यांचे बिऱ्हाड दर आठ-पंधरा दिवसांनी हलते त्यांच्या मुलांसाठी गावातली शाळा म्हणजे धावत्या गाडीतून दिसणारे स्थानक. त्यांना दिवसाची शाळा पुरत नाही. निवासी शाळाच लागते. आणि आपली शाळा निवासी आहे.

येथे आम्हाला आपल्याच समाजाशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. भटक्या समाजातील मुलांना वसतिगृहात अधिक जागा द्याव्यात असा विषय निघतो तेव्हा आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडते. ‘आधी आपली मुले’, ‘त्यांच्या सवयी वेगळ्या’, ‘ती मध्येच पळून जातात’ अशी कारणे ऐकू येतात. एकेकाळी हीच वाक्ये आपल्या आजोबा-पणजोबांविषयी बोलली गेली होती. जातिव्यवस्थेचे वैशिष्ट्य श्रेणीबद्ध विषमता हे आहे, असे बाबासाहेब सांगत. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्याखाली कोणी तरी आहे, याचे समाधान ती देते. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण ती उतरंड नाकारली. ती नाकारून जर आपण डोंबाऱ्याच्या पोराला खालच्या पायरीवर ठेवणार असू, तर धर्मांतर कागदावर झाले, मनात झाले नाही, असेच म्हणावे लागेल.

दुसऱ्या बाजूने काही उपासक मंडळी म्हणतात की बुद्धधम्मात नाच-गाण्याला स्थान नाही, तेव्हा विद्यालयात या गोष्टी हव्यातच कशाला? नृत्य, गीत, वादन यांपासून दूर राहण्याचा नियम श्रामणेरांसाठी आणि उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्या उपासकांसाठी आहे. पंचशीलात तो नाही. आणि पालि वाङ्मयात तर खेळ करणाऱ्या माणसांची दखल आदराने घेतलेली आढळते. तालपुट नावाचा नटांचा नायक भगवंतांकडे येऊन प्रश्न विचारतो, पुढे भिक्खू होतो आणि अर्हतपदास पोहोचतो. त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत.

संयुत्तनिकायातील सेदक सुत्त तर प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. त्यात बांबूवर कसरत करणारा एक गुरू आणि मेदकथालिका नावाची त्याची शिष्या यांची गोष्ट आहे. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे आपण खेळ करून सुखरूप खाली उतरू. शिष्या म्हणते, तसे नव्हे. तुम्ही स्वतःचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळते, तरच आपण सुखरूप उतरू. भगवंत शिष्येचे म्हणणे योग्य ठरवितात आणि पुढे सांगतात की, स्वतःला सांभाळणारा इतरांना सांभाळतो आणि इतरांना सांभाळणारा स्वतःला सांभाळतो. स्मृतिप्रस्थानासारखा गहन विषय समजावण्यासाठी तथागतांनी राजाचा किंवा ब्राह्मणाचा दाखला घेतला नाही. बांबूवर चढणाऱ्यांचा घेतला. मूळ पालित त्या खेळकऱ्याला चंडाल हा शब्द जोडलेला आहे. समाज ज्याला अंत्यज म्हणत होता, त्याच्या आणि त्याच्या शिष्येच्या संवादात भगवंतांना धम्म दिसला. आम्हाला मात्र आमच्या पटांगणात केवळ मनोरंजन दिसले.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यालयाच्या संचालक मंडळापुढे, माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे आम्ही काही विनंत्या ठेवीत आहोत.

पहिली विनंती प्रवेशाची. भटक्या-विमुक्त खेळकरी कुटुंबांतील मुलांसाठी वसतिगृहात काही जागा राखून ठेवाव्यात आणि वर्षभरात केव्हाही, कागदपत्रांसाठी न अडविता, त्यांना प्रवेश द्यावा. दाखले मिळविण्याचे काम आईवडिलांवर न टाकता विद्यालयाने करावे. जे माजी विद्यार्थी आज महसूल खात्यात, वकिलीत, शिक्षण विभागात आहेत, त्यांनी वर्षातील दोन दिवस या कामासाठी दिले तरी पुष्कळ होईल.

दुसरी विनंती व्यासपीठाची. कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या जातीचा परंपरागत खेळ वा कला सादर करण्यास सांगितले जाऊ नये. तो स्वतः होऊन म्हणाला तर त्याला अवश्य संधी द्यावी. आणि विद्यालयाच्या आवारात मुलांच्या अंगावर पैसे फेकण्यास सक्त मनाई असावी. बक्षीस द्यायचे तर ते हातात, नाव घेऊन, उभे राहून द्यावे.

तिसरी विनंती विद्येची. दोर, बांबू, कोलांट्या, ढोलकी, पोवाडा ही कौशल्ये जातीच्या कुंपणातून काढून सर्व मुलामुलींना शिकवावीत. सुरक्षिततेची जाळी आणि गाद्या यांच्यासह क्रीडाशिक्षकांच्या देखरेखीखाली ती शिकवावीत, आणि शिकविण्यासाठी डोंबारी, गोपाळ, कोल्हाटी समाजांतील जाणत्या माणसांना ठरलेले मानधन देऊन गुरुजी म्हणून सन्मानाने बोलवावे. बौद्ध मुलगा दोरावर चालेल आणि डोंबाऱ्याची मुलगी प्रयोगशाळेत उभी राहील, त्या दिवशी श्रमिकांची विभागणी आपल्या पटांगणापुरती तरी मोडली, असे आम्ही समजू. कुन्हिकण्णन यांनी शंभर वर्षांपूर्वी जे केले ते आपल्याला अशक्य नाही.

चौथी विनंती इतिहासाची. सर्कशीच्या इतिहासात मालकांची नावे आहेत. झुल्यावरून पडून जायबंदी झालेल्यांची नाहीत. आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी सुटीत घरी जाताना एक वही न्यावी आणि आपल्या वस्तीतील जुन्या खेळकऱ्यांच्या, शाहिरांच्या, जलशातील कलावंतांच्या, तमाशातील वृद्ध स्त्रियांच्या आठवणी त्यांच्या संमतीने लिहून आणाव्यात. त्यांची नावे, त्यांचे गुरू, त्यांचे मार्ग, त्यांना झालेला त्रास आणि त्यांना मिळालेला आनंद, सारे लिहावे. होय, आनंदही. केवळ दुःखाची नोंद ही अर्धी नोंद असते. दोरावर पाय स्थिर होतो तेव्हा माणसाला जे वाटते ते कोणत्याही जातीने दिलेले नसते. ते त्याच्या साधनेने दिलेले असते.

आता तो प्रश्न. ‘सर, ते पैसे मी उचलायचे होते का?’

आमचे उत्तर असे आहे. नाही, बाळ, ते तू उचलायचे नव्हतेस आणि ते फेकले जाणार नाहीत याची व्यवस्था आम्ही करायची होती. तू जे केलेस ते बरोबर केलेस. चूक आमची होती आणि ती सर्वांसमोर घडली, म्हणून सर्वांसमोर कबूल करीत आहोत. दोरावर तुझा तोल गेला नाही. तो आमचा गेला होता.

तो मुलगा या विद्यालयातून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडला. आज तो माजी विद्यार्थी आहे आणि ही स्मरणिका त्याच्याही हाती पडेल. त्याने कधी विद्यालयात यावे, आणि त्याला वाटले तर आमच्या मुलांना दोरावर चालायला शिकवावे. न वाटले तर गणित शिकवावे. निवड त्याची असेल. ती निवड त्याच्या हाती असणे, यालाच आम्ही शिक्षण म्हणतो.

नमो बुद्धाय. जय भीम.